साळूबाईची हाळी

चावडीवाचनाच्या दिवशी साळूबाई ढेपले सकाळीच चावडी झाडून घ्यायची, ताडपत्री अंथरायची, आणि खांबाजवळची पुढची हातभर जागा मोकळी सोडायची. तिथं कुणी बसायचं नाही. नवखा कुणी टेकलाच, तर ती त्याला दंडाला धरून उठवायची, मग तो तालुक्याहून आलेला साहेब का असेना. "उठा. ज्यांची नावं कमी व्हायची राह्यलीत, ती मानसं बसत्यात इथं," असं ती तोंडावर सांगायची. साहेब हसायचा, पण उठायचा. गावातलं तर कुणी हसायचंही नाही.

जांभूळखेडे हे वणीच्या रस्त्यावरचं गाव. नावात खेडं आहे, पण आता तिथं दोन बँका आहेत, कायम बंद असलेलं एक एटीएम आहे, आणि द्राक्षाच्या औषधांची एवढी दुकानं आहेत की माणसाच्या औषधाला मात्र वणीला जावं लागतं. सातबारा मोबाईलवर दिसतो असं सरकार म्हणतं, आणि दिसतोही. पण मोबाईलमधला कागद आपल्याशी बोलत नाही, आणि चूक दिसली तर त्याच्याशी भांडता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळी आटपली की, तलाठी सगळं दप्तर घेऊन चावडीवर बसतो आणि एकेक खातं मोठ्यानं वाचतो. कुणाची किती जमीन, कुणाचं नाव राहिलं, कुणाचं घुसलं, ते साऱ्या गावानं ऐकायचं आणि खोटं असेल तर तिथंच उठून सांगायचं.

नाव वाचलं की माणूस "हाजर" म्हणतो. माणूस गेलेला असेल, तर कोतवालानं "मयत" म्हणायचं. घरच्यांनी म्हणायचं नाही. बापाला, नवऱ्याला, लेकाला आपल्याच तोंडानं चारचौघांत मयत म्हणायची पाळी कुणावर येऊ नये, म्हणून जांभूळखेड्यानं तो शब्द कोतवालाच्या गळ्यात बांधलेला. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण गावात कायद्याहून जास्त पाळलं जातं. कोतवालानं शब्द उच्चारला की मग घरचे पुढं येतात, वारसांची नावं सांगतात, कागदपत्रं देतात, आणि यथावकाश मेलेल्याचं नाव कमी होतं.

मातीची हाळीसुद्धा कोतवालाचीच. ग्रामपंचायतीवर भोंगा आहे, मोबाईलवर गावाचा ग्रुप आहे, त्यावर सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रं येतात. पण कुणी गेलं की जांभूळखेड्यात अजून कोतवाल गल्लीगल्लीतून ओरडत जातो, "अमका मयत झाला होऽऽ, मातीला चला होऽऽ." मातीला मोबाईलवर बोलवत नसतात. तशी हाळी द्यायला साळूबाईसारखा गळा दुसरा नव्हता. तिनं मारुतीच्या पारावरून आवाज टाकला की धरणापलीकडच्या मळ्यातली कुत्री भुंकायला लागायची. भिकनबाबा म्हणून गावातला एक म्हातारा आहे, ऐंशीच्या पुढचा, जीभ अजून वस्तऱ्यासारखी. तो म्हणायचा, "साळू, माझ्या टायमाला जरा हळू वरड. नायतर उठून बसायचो मी."

ही कोतवालकी साळूबाईला नवऱ्याकडून आली. खंडेराव दम्याचा माणूस. साऱ्या गावाला ओरडून सांगायचं काम, आणि छातीत वारा नाही. त्याच्या वतीनं निम्म्या हाळ्या साळूबाईच द्यायची. तो गेला, तेव्हा अर्ज करायला दुसरं कुणी पुढं आलं नाही, आणि ती कोतवाल झाली.

खंडेराव गेला खरा, पण त्याचा खोकला घरातून गेला नाही. पडवीच्या कोपऱ्यात, जिथं त्याची बाज असायची, तिथून पहाटे पहाटे तोच खोकला यायचा. आधी कोरडा, मग लांबलेला, मग घसा खाकरल्यासारखा. साळूबाई पांघरुणात पडल्या पडल्या ऐकायची. पुष्कळ दिवस ऐकलं. मग त्या वर्षीचं चावडीवाचन आलं. तलाठ्यानं "खंडेराव रामजी ढेपले" असं वाचलं आणि सगळे गप्प झाले, कारण घरची तीच आणि कोतवालही तीच. साळूबाई म्हणाली, "पगार मी घेते तर मीच म्हनते," आणि तिनं खणखणीत आवाजात म्हटलं, "मयत."

दुसऱ्या पहाटे खोकला आला नाही. तिसऱ्याही पहाटे नाही. साळूबाई कानात प्राण आणून बसून राहायची. घरात चुलीवरचं पाणी उकळल्याचा तेवढा आवाज. तेव्हा तिच्या मनानं घेतलं की माणूस मरणानं जात नाही, या शब्दानं जातो. आपणच त्याला हाकलून दिलं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण चावडीवर खांबाजवळची जागा मोकळी सोडायला तिनं त्यानंतरच सुरुवात केली.

तिला एकच मुलगा, दीपक. जमीन बेताचीच, पण धरणाच्या पाण्याची. खंडेरावामागं ती दीपकच्या नावावर लागली. दीपकची बायको मंजुषा घोटीकडची, भाताच्या मुलखातली. इथं येऊन द्राक्षाची विरळणी शिकली आणि चार हंगामांत गावच्या बायकांना शिकवायला लागली. त्यांना एक मुलगी, आरोही. ती तेव्हा नुकती बोबडं बोलायला लागलेली.

दीपकच्या डोक्यात नाशिकचं वारं शिरलं. जमीन वाट्यानं द्यायची, बायको-पोरीला घ्यायचं आणि कंपनीत लागायचं. त्यावरून आई-लेकात जुंपली. साळूबाईचा आवाज भांडणातही हाळीचाच. शेजारपाजाऱ्यांनी दारं लोटून घेतली. शेवटी ती म्हणाली, "जा! जा तुझं तू, आन परत मला तोंड दाखवू नको." दीपक उठला. चपला घातल्या आणि गेला.

सगळ्यांना वाटलं नाशिकला गेला. मोटारसायकल घरीच होती, म्हणजे वडापच्या जीपनं गेला असेल. फोन बंद, म्हणजे राग आहे. राग उतरला की येईल. धरणावरच्या त्यांच्या मोटारीचं पाणी त्या दिवशी बंद पडलं होतं, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाइपच्या पाण्यातल्या टोकाच्या फुटवॉलला शेवाळ धरलं की दीपक पाण्यात उतरून तो साफ करायचा. रागाच्या भरात घरातून निघालेला माणूस वाटेत शेतीचं एखादं काम उरकून जातो, हे त्याच्या आईला तरी सुचायला हवं होतं.

आठवड्यानं धरणाच्या कडेला, बाभळीच्या मुळ्यांत, एक प्रेत लागलं. पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ बसायचं काम कोतवालाचं. साळूबाई सकाळी गेली. भाकरी बांधून नेली होती, कारण पोलीस कधी येतील याचा नेम नसतो. जवळ गेली. माशांनी तोंड ठेवलं नव्हतं. कपडे चिखलानं एकाच रंगाचे झाले होते. मग तिची नजर पायांवर गेली. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं.

ते बोट सरळ व्हावं म्हणून ती बाळंतपणात रोज तेल लावून ओढायची. तिची आई म्हणायची, अगं तुटंल ते, राहू दे.

ती खाली बसली. ओरडली नाही. जिच्या आवाजानं धरणापलीकडची कुत्री उठायची, तिच्या तोंडून तिथं, धरणाच्या काठावर, हुंदकासुद्धा आला नाही. तिनं ते पाय मांडीवर घेतले आणि दिवसभर पदरानं माश्या वारत राहिली. एकदा कुणी गुराखी वरून हाका मारून गेला, "कोन हाय वं मावशी?" तिनं नुसता हात हलवला. उन्हं कलली तेव्हा हवालदार आले, डॉक्टर आले, काठावरच सगळं उरकायची घाई. हवालदारानं नाकाला रुमाल लावून विचारलं, "बाई, ओळखीचा आहे का? गावातला कुणी?"

साळूबाईनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता. आणि तेव्हाच तिला तो खोकला आठवला, जो एका शब्दासरशी बंद पडला होता.

"आमच्या गावचा नाय," ती म्हणाली. "वरून वाहत आला असंल."

बेवारस म्हणून त्याला मसणवटीच्या पलीकडं, ओढ्याच्या अंगाला पुरलं. साळूबाईनं वर एक काळा दगड ठेवला. कोतवाल आहे, ठेवणारच, असं लोकांना वाटलं.

त्याच संध्याकाळी घराचा ओटा ओला होता. कुणी पाणी सांडलेलं नव्हतं. दोन पावलं जोत्यापर्यंत आलेली, उजव्या पावलाचं एक बोट न उमटलेलं, आणि शेवाळाचा वास. साळूबाईला भीती वाटली नाही. बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. भांडून गेलेलं पोर परत आलं म्हणजे कुठल्याही आईला वाटतं तसंच. तेव्हापासून तो येत राहिला. ओट्यावर बसायचा, रस्त्याकडं तोंड करून, घराकडं पाठ. चावडीवाचनाला खांबाजवळ बसायचा, तोही पाठमोरा. कधी वळून बघायचा नाही. तोंड दाखवू नको म्हणालेली होती ना. साळूबाई मनात म्हणायची, नसू दे दाखवत, आहे तेवढं पुष्कळ आहे.

पण भुतं एकट्यानं पोसता येत नाहीत. त्यांचा खर्च कुणीतरी दुसरं भरतं. इथं तो मंजुषा भरत होती.

मंजुषानं पोलिसात जाऊन नवरा हरवल्याची तक्रार दिली. तिथं तिला सांगितलं, एक बेवारस सापडला होता, पण तुझ्या सासूनंच पाहिला, ती नाही म्हणाली. मंजुषा घरी येऊन म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही नीट पायला व्हता ना?" साळूबाई चुलीकडं बघत म्हणाली, "पायला. आपला नव्हता." मंजुषानं सुस्कारा टाकला आणि देवापुढं साखर ठेवली. ती साखर साळूबाईला अजून दिसते.

मग वाचन आलं. "दीपक खंडेराव ढेपले" असं नाव वाचलं गेलं आणि सगळ्यांच्या माना वळल्या. साळूबाई म्हणाली, "बाहेरगावी हाय. फोन येतो त्याचा." एक खोटं बोललं की त्याला जेवू-खाऊ घालावं लागतं. पुढच्या वर्षी दीपक सुरतेला गेला, त्याच्या पुढच्या वर्षी वापीला. दिवाळीला फोन आला, आवाज बसला होता, गर्दीत होता, पोरीला विचारत होता. गावानं ऐकून घेतलं, कारण कोतवालाचा शब्द. आणि गावानं हिशोबही केला, तो मात्र मंजुषाच्या पाठीमागं. आईला फोन करतो, बायकोला करत नाही. म्हणजे बायकोतच काहीतरी असेल. हळदी-कुंकवाला बोलावणी कमी झाली. आरोहीला शाळेत कुणी विचारलं, तुझा बाप तुला का फोन करत नाही, तर ती घरी येऊन आईशी अबोला धरायची.

शेत मंजुषा कसायची, आणि शेतावर नाव दीपकचं. पीककर्जाला सोसायटी तिला दारात उभी करत नव्हती, मोटारीचं वीजजोड तिच्या नावावर होत नव्हतं, गारपिटीत बाग झोडपली तेव्हा भरपाई दीपकच्या बंद खात्यात जाऊन पडली. दिंडोरीच्या वकिलानं सांगितलं, सात वर्षं माणसाचा काही ठावठिकाणा नसेल तर कोर्ट त्याला गेलेला धरतं. पण तुमची सासूच सांगते फोन येतो. मग कोर्ट तरी काय करणार? मंजुषा यष्टीनं परत आली, आणि त्याही दिवशी तिनं सासूला गरम भाकरी वाढली.

सर्वपित्रीला साळूबाईचं एक वेगळं ताट असायचं. कोतवालाच्या घरानं बेवारशालाही जेवू घालायचं असतं, असं ती म्हणायची. ताट मंजुषाच करायची. कारल्याची भाजी, भोपळा, वडे, खीर. पहिल्याच वर्षी ती गवार निवडायला बसली तेव्हा साळूबाई चटकन म्हणाली, "बेवारशाच्या ताटाला गवार नको." मंजुषा म्हणाली, "का वं? पितरांना तर लागती." साळूबाई म्हणाली, "नको म्हनलं ना." मंजुषानं ऐकलं. दरसाल गवार वगळून ताट करायची, ओढ्यापर्यंत स्वतः उचलून न्यायची, आणि त्या काळ्या दगडाला हात जोडायची. म्हणायची, "कुनाचा असंल बिचारा. ह्याचीबी कुनी वाट बघत असंल."

साळूबाई त्या वेळी ओढ्याकडं बघत उभी राहायची.

अशी सात वर्षं उलटली. या साली दिवाळी झाली, तलाठ्यांचा निरोप आला. वाचनाच्या सकाळी साळूबाई डोक्याला फडकं बांधून चावडी झाडायला निघाली, तर दारात मंजुषाची कपड्यांची पिशवी. मंजुषा चुलीपुढं होती. मागं न वळता म्हणाली,

"आत्याबाई, आज तुम्ही फोन येतो म्हनल्या, तर मी चावडीवरच नंबर मागनार हाय. लावा म्हननार, समद्यांसमोर. लागला तर मला त्याला येवढंच इचारायचंय की माझं काय चुकलं. आन नाय लागला, तर आरोहीला घेऊन मी घोटीला चालले. परत यायची नाय."

भाकरी तव्यावर फुगली. तिनं ती उलटली, आणि सासूच्या ताटात वाढली.

साळूबाई बाहेर आली. ओटा ओला होता. तो बसलेला होता, पाठमोरा, खांदे पडलेले, केसांतून पाणी ओघळत. एका बाजूला हा, आणि आत चुलीपुढं ती. दोघांतलं एक आज जाणार हे साळूबाईला स्वच्छ कळलं. आयुष्यभर गावातली भांडणं चावडीवर बघितलेली बाई ती. दोन्ही बाजूंना हो म्हणून चालत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तलाठी म्हणून यंदा निकिता नावाची मुलगी आलेली, नाशिकची, जीन्स आणि ओढणी. तिला खांबाजवळच्या जागेचं आधीच कुणीतरी सांगितलं असावं, कारण तिनं आपली खुर्ची आपण होऊन मागं घेतली. माणसं जमली. बायका एका अंगाला बसल्या. मंजुषा पहिल्यांदाच पुढं बसली, पिशवी मांडीशी धरून.

वाचन सुरू झालं. गट नंबर, क्षेत्र, नाव. हाजर. हाजर. भिकनबाबाचं नाव आलं तेव्हा तो काठी आपटून ओरडला, "हाजर! आजूनबी हाजर!" सगळे हसले. मधल्या एका नावाला साळूबाईनं "मयत" म्हटलं, आणि म्हटल्यावर तिला तो शब्द नेहमीपेक्षा जड लागला. तिनं खांबाकडं बघायचं टाळलं. पण ताडपत्रीवरून पाण्याची एक धार सरकत तिच्या पायाशी आली होती.

"दीपक खंडेराव ढेपले," निकितानं वाचलं.

सगळ्या माना वळल्या. भिकनबाबा सवयीनं म्हणाला, "वापीला हाय तो."

मंजुषा उभी राहिली. साळूबाईनं तिला हातानं थांबवलं. मग तिनं खांबाकडं पाहिलं, त्या पाठीकडं, त्या पडलेल्या खांद्यांकडं. जा असं ती एकदा रागात सहज म्हणून गेली होती. आता तोच शब्द जीव जाईल असा कठीण झाला होता.

"मयत," साळूबाई म्हणाली.

त्यानं मान वळवली. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं आईला तोंड दाखवलं. काही झालेलं नव्हतं त्या तोंडाला. घरातून चपला घालून निघताना होतं तसंच होतं, जरा रुसलेलं. साळूबाई बघत राहिली. तेवढ्यात कुणीतरी खोकलं, तिची पापणी लवली, आणि खांबाजवळ नुसती ताडपत्री होती, कोरडी.

निकितानं हळूच विचारलं, "मावशी, कधी? कुठं? तुम्हाला कसं कळलं?"

"धरनावर जो बेवारस सापडला व्हता, तो तोच. पायावरून वळखला मी. तवाच वळखला. हवालदाराला खोटं सांगितलं. फोन कदी आलाच नाय."

निकिताचा पेन थांबला. "मावशी, हे मी लिहून घेतलं तर पोलिसांत जाईल. तुमची नोकरी जाईल. अजूनही बरंच होईल."

"घ्या लिहून," साळूबाई म्हणाली. "खाली काय लिव्हलं ते वाचून दाखवा. समद्यांनी ऐकू द्या."

मंजुषा अजून उभीच होती. पिशवी खाली पडलेली तिला कळली नव्हती. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही त्याच्याजवळ किती येळ व्हत्या?"

"दिवसभर. पोलीस येस्तवर." साळूबाईचा आवाज आता जवळच्यालाही जेमतेम ऐकू येत होता. "एकटा नव्हता गं तो. मी व्हते. पाय मांडीवर घेतले व्हते. माश्या बसू दिल्या नाय."

"मग मला का नाय बोलावलं?"

खोकल्याची गोष्ट सांगता आली असती, पण ती उत्तर म्हणून पुरली नसती. साळूबाई खाली मान घालून उभी राहिली.

"परक्याच्या मातीला तुम्ही हाळी देता," मंजुषा म्हणाली. "कुनाची कोन म्हातारी गेली, तरी तुमचा आवाज पार मळ्यात ऐकू येतो. समदं गाव चालत जातं. माझ्या नवऱ्याला रेताडात पुरला, आन मी त्या दिवशी घरी पापड वाळत घालीत व्हते. त्याच्या मातीला मला कुनी बोलावलं नाय. त्याचं नाव घेऊन कुनी वरडलं नाय." ती थांबली. "आता द्या हाळी."

"आता?"

"आता द्या."

साळूबाई चावडीच्या पायऱ्या उतरली. डोक्यावरचं फडकं सोडलं, पदर घेतला. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं आवाज टाकला.

"दीपक खंडेराव ढेपलेऽऽ मयत झाला होऽऽ! मातीला चला होऽऽ!"

दुकानातली माणसं बाहेर आली. कुणाला काही कळेना. औषधाच्या दुकानदारानं आधी हात जोडले, मग विचारलं, आज गेला का? साळूबाई पुढं चालत होती, तिच्या मागं मंजुषा, तिच्या मागं चावडीवरचं सगळं गाव. मारुतीच्या पारावर तिनं दुसरी हाळी दिली. धरणापलीकडची कुत्री भुंकली.

तिसरी हाळी स्वतःच्या दारासमोर द्यायची होती. ओट्यापुढं ती थांबली, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठल्या, आणि आवाज आला नाही. पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा. खंडेरावाच्या छातीत असायची तशी घरघर तेवढी. लोक थांबले. कुणी खाली बघत होतं, कुणी मंजुषाकडं.

गर्दीतून काठी टेकत भिकनबाबा पुढं आला. साऱ्या आयुष्यात त्यानं साळूबाईला टोचल्याशिवाय वाक्य टाकलं नव्हतं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला ओट्याच्या पायरीवर बसवलं.

"बस खाली, साळू," तो म्हणाला. "घरच्यानं म्हनायचं नसतं."

आणि त्यानं आपल्या फाटक्या आवाजात, मध्येच दम खात, हाळी दिली. "दीपक खंडेराव ढेपलेऽऽ मयत झाला होऽऽ." पुढचं त्याला झेपेना, तेव्हा मागून कुणीतरी ते उचललं, मग आणखी कुणी. "मातीला चला होऽऽ," असं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

ओढ्याकाठी ऊन उतरत होतं. काळ्या दगडाशी सर्वपित्रीची पत्रावळ अजून अर्धी मातीत रुतलेली. गावानं एकेक मूठ माती टाकली आणि माणसं मागं होऊन उभी राहिली. मंजुषा दगडापाशी बसली. बराच वेळ तिनं तळवा मातीवर टेकवून ठेवला. साळूबाई दोन हात अंतरावर उभी होती. जवळ जायची तिची छाती होत नव्हती.

"लग्नानंतर एकदा केली व्हती मी गवार," मंजुषा मातीकडं बघत म्हणाली. "ताट सरकवून उठला व्हता."

"लहानपनापासून खात नव्हता," साळूबाई म्हणाली.

त्या दिवशी त्या दोघींत एवढंच बोलणं झालं. घरी आल्यावर मंजुषानं चावडीवरून कुणीतरी आणून ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेली. उघडली का नाही, ते साळूबाईनं पाहिलं नाही. ती ओट्याखालीच उभी होती. ओटा कोरडा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यावर पाय ठेवायचं तिला धैर्य होत नव्हतं.